जोडाक्षर

पहिल्या खेपेला मी 'शनमुगम' असंच रंगवलं,
कुंभारखेड कॉलरीच्या सोसायटीच्या पाठभिंतीवर,
चुन्यात नीळ कालवून.
तो सायकलवरून उतरला. हँडलला खाणीची टोपी लटकलेली.
म्हणाला, "पेंटर, ण्मु. अर्धा ण.
बापानं सेलमहून एवढंच सामान आणलं होतं,
थे तरी पुरं लिव्ह."
शिडीवर चढून मी अर्धा ण बसवला.
ओला होता, पार कपबशीच्या कानापर्यंत ओघळला.
अकरा मतांनी आला तो त्या साली.

बाप सुरुंग लावायचा. एक दिवस लावला,
आणि वर आला तो फक्त त्याचा बिल्ला.
माय रात्री दार लावून भाकर थापायला शिकली,
फाटली तर शेजारच्या बाया हसतील म्हणून.

जिल्हा परिषदेला चिन्ह आलं शिलाई मशीन.
दर भिंतीमागे दहा रुपये जास्त मागितले मी,
चाक गोल येत नाही, सुई तर येतच नाही.
समोरचे म्हणत, मद्राशी हाय, परका हाय.
मारेगावच्या बाजारात तो बैलबंडीवर उभा राहून बोलला,
"हाव, परका हाय. मंग बोअरचा हापसा दुरुस्त कराले
दर खेपी मलेच काऊन बलावता बापा?"
लोक हसले. हसणारे मतं देतात,
हे मला तेव्हा कळलं.

मग पक्ष आला. तिकीट आलं.
छापाचे पत्रे आले मुंबईहून, ब्रशचं काम उरलं नाही.
ट्रकभर फ्लेक्स उतरले चौकात
आणि प्रत्येकावर हातभर अक्षरात: शनमुगम.
मी त्याच्याकडे बघितलं.
त्यानं फ्लेक्सकडे बघितलं,
काच वर केली, गाडी गेली.

हिवाळी अधिवेशनाला पास दिला त्यानं मला.
नागपूरची थंडी, उसना कोट, वरची गॅलरी.
निर्गुडेवरच्या पुलाचा प्रश्न होता त्याचा, तारांकित.
उत्तर छापूनच आलं होतं:
एक, हे अंशतः खरे आहे.
दोन, चौकशी सुरू आहे.
तीन, प्रश्न उद्भवत नाही.
तो उठला, काही बोलू लागला,
तोवर पुढचा नंबर पुकारला गेला.
बाहेर आल्यावर चहा पाजला, म्हणाला,
"पोरं नदीतून पोहत शाळेत येतेत,
अन् प्रश्न उद्भवत नाही म्हणते."

तरी पुढच्या वर्षी एका रात्रीत त्यानं रंग बदलला.
का, ते मी विचारलं नाही,
रंगवाल्यानं रंगाचं विचारू नये.
अठ्ठावीस गावच्या भिंतींवर दोन दोन हात चुना मारला,
पण उन्हाळ्यात चुन्याखालून जुनं नाव वर येतंच.
अनामत गेली.
पूल झाला नंतर. कोनशिलेवर दुसऱ्याचं नाव,
तेही शुद्ध.

खाण बंद पडली, तिच्यात पाणी भरलंय,
बगळे येतात.

परवा तो आला. सायकल नाही, गाडी नाही, पायी.
फाट्यावर टिनाचा निवारा बांधलाय घरच्या पैशानं,
मायच्या नावाचा.
मोबाईल पुढे केला. सेलमच्या कोण्या भाच्यानं पाठवलेलं
तिचं नाव, तिकडच्या अक्षरांत,
सगळी वेटोळी, जणू ओल्या कणकेत कोणी बोटं फिरवलेली.
मला अक्षरं नव्हती ती, चित्रं होती.
दुपारभर काढली, श्वास धरून.
उतरलो, विचारलं, "बराबर आलं का, भाऊ?"
तो लय येळ बघत राहिला.
"मले कोठी वाचता येते," म्हणाला.
"ओघळू नको देजो फक्त."